वजन घटविण्याची शस्त्रक्रिया आणि वेदनाशामक औषधे

रत्नागिरी जिल्ह्यात सपाट वाट विरळाच. घर डोंगरउतारावर, विहीर खाली, भातखाचर त्याहून खाली आणि एस.टी.चा थांबा पुन्हा वर सड्यावर, अशी येथील अनेक वाड्यांची रचना आहे. जांभ्या दगडांच्या पाखाड्या चढता-उतरता माणसाचे आयुष्य सरते आणि पन्नाशी उलटली की गुडघे कुरकुरू लागतात. लावणीच्या दिवसांत कंबर, आंब्याच्या हंगामात खांदे आणि बारमास गुडघे दुखतात. त्यामुळे वेदनाशामक गोळी ही येथील घराघरांतील फळीवर नित्य आढळणारी वस्तू होऊन बसली आहे. बाजाराच्या दिवशी मीठमसाल्याबरोबर औषधांच्या दुकानातून गोळ्यांची एक पट्टीही घरी येते. ती कोणी, कधी व किती घ्यावी याचा विचार सहसा होत नाही.

अशा घरांत गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रकारच्या रुग्णाची भर पडू लागली आहे. वाढलेले वजन, मधुमेह, रक्तदाब आणि झिजलेले गुडघे यांनी त्रस्त झालेला हा रुग्ण मुंबई, पुणे वा कोल्हापूर येथे जाऊन वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतो. नोकरीनिमित्त मुंबईत राहिलेला चाकरमानी निवृत्तीनंतर गावी परततो, तेव्हा अशी शस्त्रक्रिया झालेले जठर घेऊनच परततो. शस्त्रक्रिया शहरात होते, औषध मात्र गावात घेतले जाते. शहरातील शल्यविशारदाने दिलेल्या सूचना आणि गावातील गोळ्यांची पट्टी यांची भेट घडवून आणणारा दुवा मध्ये असतोच असे नाही. हा दुवा नसल्यास साध्या गुडघेदुखीवरील गोळीही जिवावर बेतू शकते. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

स्थूलता : केवळ शहरांचा प्रश्न नव्हे

स्थूलता हा श्रीमंतांचा व शहरवासीयांचा आजार, ही समजूत आता मागे पडली आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाचे वा स्थूल होते. म्हणजे दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक. श्रमाची कामे घटली, वाहने घरापर्यंत आली, तळलेले व पाकीटबंद खाद्यपदार्थ गावच्या दुकानात मिळू लागले. या सर्वांचा परिणाम खेड्यांतही दिसतो.

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते २०१७ साली. इजिप्तमधील एका अतिस्थूल महिलेला त्या वर्षी फेब्रुवारीत मालवाहू विमानाने मुंबईस आणण्यात आले आणि चर्नी रोड येथील सैफी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसांत या शस्त्रक्रियेचे वृत्त दररोज वृत्तपत्रांतून येत होते. परंतु वृत्तपत्रांचे लक्ष किती किलो वजन घटले याकडे होते. शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घ आयुष्यात अन्न आणि औषध यांचे गणित कसे बदलते, हा विषय त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

स्थूलतेवर शस्त्रक्रियेने उपाय करण्याचे प्रयत्न १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. प्रारंभी लहान आतड्याचा बराच मोठा भाग वगळण्याची पद्धत होती. तिचे दुष्परिणाम गंभीर ठरल्याने ती मागे पडली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचाच मोठा भाग वगळण्याची पद्धत सुरू केली. १९९० नंतर पोट न उघडता, लहान छिद्रांतून दुर्बीण व उपकरणे आत घालून ही शस्त्रक्रिया करता येऊ लागली आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला. आज तिचे दोन प्रकार प्रामुख्याने रूढ आहेत.

पहिल्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. इंग्रजीत बाहीला 'स्लीव्ह' म्हणतात, त्यावरून या प्रकारास तेच नाव पडले. यात आतड्याच्या मार्गाला हात लावला जात नाही.

दुसरा प्रकार 'बायपास'चा. यात अन्ननलिकेच्या तोंडाशी जठराची जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी तयार करतात. लहान आतडे काही अंतरावर कापून त्याचे खालचे टोक वर आणून या पिशवीला जोडतात. उरलेले मोठे जठर व लहान आतड्याचा पहिला भाग शरीरातच राहतात, पण अन्न तेथून जात नाही. त्या भागात तयार होणारे जठररस, पित्त व स्वादुपिंडाचा रस पुढे बऱ्याच अंतरावर अन्नाला मिळतात. इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या या जोडणीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये होऊन गेलेले शल्यविशारद सेझार रू यांचे नाव दिले गेले आहे.

पाट बदलला की पाणी बदलते

औषधाचे काय होते हे समजण्यासाठी कोकणातील नारळी-पोफळीचे आगर डोळ्यांपुढे आणावे. विहिरीचे पाणी पाटाने निघते, वरच्या आळ्यांत थबकते, तेथील झाडांना भिजवून सावकाश खालच्या आळ्यांकडे जाते. बागाईतदाराने एखाद्या दिवशी नवा पाट खोदून पाणी थेट खालच्या अंगास सोडले तर काय होईल? वरची आळी कोरडी राहतील. खालच्या आळ्यांत पाणी लवकर व जोराने येईल. कोणत्या झाडाला कमी मिळाले आणि कोणत्याला जास्त, हे ते झाड कोठे लावले आहे यावर ठरेल.

गोळीचेही असेच आहे. तोंडावाटे घेतलेली गोळी प्रथम जठरात येते. तेथे अन्नासारखी घुसळली जाऊन ती फुटते व विरघळते. जठरातून थोडेथोडे द्रावण लहान आतड्यात उतरते आणि बहुतेक औषधांचे खरे शोषण तेथे होते. लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. ते पसरले तर सुमारे ३० चौरस मीटर क्षेत्र भरेल, असा अंदाज आहे. शोषलेले औषध रक्तावाटे यकृतात जाते, तेथे त्याचा काही भाग बदलला जातो व उरलेला सर्व शरीरात पोहोचतो.

शस्त्रक्रियेनंतर या प्रवासातील प्रत्येक टप्पा बदलतो. घुसळण्याची क्रिया कमी होते, त्यामुळे कठीण गोळी नीट फुटत नाही. बायपासनंतरच्या लहानशा पिशवीत आम्ल अत्यल्प असते, म्हणून विरघळण्यास आम्ल लागणारी औषधे मागे पडतात. जठराचे दार अन्न रोखून धरीत नसल्याने विरघळलेले औषध आतड्यात एकदम उतरते. बायपासमध्ये आतड्याचा पहिला भागच वाटेतून वगळला जातो आणि पित्ताशी गाठ उशिरा पडते, म्हणून स्निग्ध पदार्थांत विरघळणारी औषधे कमी शोषली जाण्याचा संभव असतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. 'शस्त्रक्रियेनंतर औषध लागू पडत नाही, म्हणून मात्रा वाढवावी' असा सरसकट नियम करता येत नाही. काही औषधे कमी शोषली जातात, काही पूर्वीइतकीच शोषली जातात, तर काही पूर्वीपेक्षा वेगाने रक्तात शिरतात.

पॅरासिटामॉल : लवकर येणारा परिणाम

ताप व अंगदुखीवर सर्वत्र वापरले जाणारे पॅरासिटामॉल हे याचे उत्तम उदाहरण होय. हे औषध जठरात जवळजवळ शोषले जात नाही. आतड्यात उतरले की त्वरेने शोषले जाते. जठर किती वेगाने रिकामे होते हे मोजण्यासाठी संशोधकांनी या गुणाचा उपयोग करून घेतला आहे. रुग्णास पॅरासिटामॉल देऊन ते रक्तात किती वेळाने दिसते हे पाहिले की जठराचा वेग कळतो. शस्त्रक्रियेनंतर जठर लवकर रिकामे होत असल्याने या औषधाची रक्तातील पातळी पूर्वीपेक्षा लवकर शिखरास पोहोचते.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास सर्वसाधारण दुखण्यासाठी प्रथम पसंतीचे औषध म्हणून पॅरासिटामॉलच सुचविले जाते, कारण ते जठराच्या अस्तराला इजा करीत नाही. तथापि मर्यादा पाळणे आवश्यक आहे. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मात्रा चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या इतकी मानली जाते. ज्याचे वजन बरेच घटले आहे, आहार तुटपुंजा आहे, यकृत अशक्त आहे वा जो मद्यपान करतो, त्याच्यासाठी डॉक्टर याहून कमी मात्रा ठरवितात. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेणारा रुग्ण नकळत दुप्पट मात्रा घेत असतो, हे ध्यानात ठेवावे.

मॉर्फिन वर्गातील औषधे

तीव्र वेदनांसाठी, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर व कर्करोगात, मॉर्फिन व त्या वर्गातील औषधे दिली जातात. फ्रान्समधील संशोधकांनी बायपास झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी, लगेच नंतर आणि सहा महिन्यांनी तोंडावाटे मॉर्फिनचे द्रावण देऊन त्यांच्या रक्ताची तपासणी केली. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन रक्तात पूर्वीपेक्षा पुष्कळ लवकर आले आणि सहा महिन्यांनंतर त्याची कमाल पातळीही बरीच अधिक आढळली. औषध कमी शोषले जाईल ही स्वाभाविक अपेक्षा येथे साफ चुकली.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. मॉर्फिनची पातळी एकदम वर गेली तर गुंगी येते आणि श्वास मंदावतो. स्थूल व्यक्तींपैकी अनेकांना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आधीच असतो. त्यांना हा धोका अधिक. म्हणून पूर्वीची मात्रा तशीच पुढे चालू ठेवणे योग्य नव्हे. लहान मात्रेने प्रारंभ करून परिणाम पाहत पुढे जाणे हा सुरक्षित मार्ग होय.

कोडीन व ट्रामाडॉल यांची गोष्ट आणखी निराळी आहे. ही औषधे यकृतात रूपांतरित झाल्यावरच त्यांचा वेदनाशामक गुण मुख्यत्वे प्रकट होतो. रूपांतराचा वेग प्रत्येक माणसात जन्मतःच भिन्न असतो. शस्त्रक्रियेनंतर वजन उतरले, यकृतातील चरबी घटली की यकृताचे कार्यही बदलते. म्हणून एकाला लागू पडलेली मात्रा दुसऱ्यास द्यावी असे होत नाही. एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉलचा समावेश केंद्र शासनाने अमली औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली केला आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेण्याचे औषध नव्हे.

सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या

काही गोळ्यांच्या नावापुढे 'एसआर', 'ईआर', 'एक्सआर' अशी अक्षरे असतात. बारा वा चोवीस तासांत थोडेथोडे औषध सोडावे, अशा रीतीने त्या बनविलेल्या असतात. लांबलचक, संथ मार्ग गृहीत धरून त्यांची रचना केलेली असते. मार्गच आखूड झाला, तर गोळी पुरती विरघळण्यापूर्वी पुढे निघून जाण्याचा संभव असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, अशा गोळ्या शक्यतो टाळून त्याच औषधाची साधी, पातळ वा चघळण्याची गोळी निवडतात.

येथे एक चूक हटकून होते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे रुग्णास गोळ्या कुटून घ्यावयास सांगितलेले असते. ते स्मरून घरातील माणसे सावकाश विरघळणारी गोळीही खलबत्त्यात कुटून देतात. त्या गोळीत दिवसभराचे औषध साठविलेले असते. कुटताच ते सारे एकाच वेळी मोकळे होते. ट्रामाडॉल वा मॉर्फिनच्या बाबतीत ही चूक प्राणघातक ठरू शकते. कोणती गोळी कुटावयाची व कोणती नाही, हे औषध विक्रेत्यास प्रत्येक वेळी विचारून घ्यावे.

सर्वांत मोठा धोका : जोडावरील व्रण

आतापर्यंतचा विचार औषध शरीरात कसे शिरते याचा झाला. परंतु रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात प्रत्यक्ष हानी होण्याचा संभव सर्वांत जास्त आहे तो दुसऱ्याच कारणाने. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही गुडघेदुखी-कंबरदुखीवरील नेहमीची औषधे एकाच वर्गातील आहेत. शरीरात वेदना व सूज निर्माण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांची निर्मिती ती रोखतात. हे कार्य ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडले आणि त्यासाठी १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसमवेत मिळाले. मात्र हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करीत असतात. ती घटली की वेदना थांबते, पण अस्तर उघडे पडते.

बायपास शस्त्रक्रियेत जठराची पिशवी आणि आतडे यांचा जेथे जोड असतो, तेथे आतड्याच्या बाजूला आम्ल सोसण्याची सवय नसते. त्या जागी व्रण पडण्याचा धोका मुळातच असतो. वरील गोळ्यांनी तो वाढतो, आणि तंबाखू वा धूम्रपानाची जोड मिळाली तर आणखीच वाढतो. व्रणातून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित आतड्यास छिद्रही पडते. म्हणूनच बायपास झालेल्या रुग्णाने या वर्गातील औषधे आयुष्यभर टाळावीत, असा सल्ला जगभर दिला जातो. 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेनंतर असा जोड नसल्याने धोका तुलनेने कमी असतो. तरीही ही औषधे डॉक्टरांच्या संमतीनेच, कमीत कमी दिवस व जठररक्षक औषधाच्या जोडीने घ्यावीत. हृदयविकारामुळे ज्यांना ॲस्पिरिनची लहान मात्रा कायम घ्यावी लागते, त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये. त्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व शल्यविशारद यांनी मिळून घ्यावयाचा असतो.

कोकणातील ज्येष्ठांना हा प्रश्न नवा वाटू नये. पूर्वी पोटातील अल्सरवर शस्त्रक्रिया करून जठर आतड्याला जोडून देण्याची पद्धत सर्रास होती. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना अल्सरच्या मुळाशी बहुधा एक जिवाणू असतो असे आढळले. पुढे औषधांनीच अल्सर बरा होऊ लागला आणि त्या शस्त्रक्रिया दुर्मिळ झाल्या. त्या शोधासाठी २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तरुणपणी ती शस्त्रक्रिया झालेले वृद्ध आजही वाड्यावस्त्यांतून आहेत. त्यांच्या पोटातही तसाच जोड आहे. गुडघेदुखीच्या गोळ्यांबाबतची ही सावधगिरी त्यांनाही तितकीच लागू आहे.

'सुई घेतली तर चालेल' हा गैरसमज

गोळी पोटात जाते म्हणून अपाय करते, सुई घेतली तर पोटाचा संबंधच येत नाही, अशी समजूत ग्रामीण भागात फार दृढ आहे. डायक्लोफेनॅकची सुई मागून घेणारे रुग्ण सर्वत्र आढळतात. ही समजूत चुकीची आहे. अस्तराचे रक्षण करणारी द्रव्ये घटतात ती प्रामुख्याने रक्तातील औषधामुळे. औषध रक्तात गोळीने गेले, सुईने गेले वा गुदद्वारातून दिलेल्या वर्तिकेने गेले, तरी परिणाम तोच. दुखऱ्या सांध्यावर चोळावयाच्या मलमातून मात्र रक्तात फारच थोडे औषध जाते. म्हणून गुडघ्यासाठी मलम हा पर्याय डॉक्टर पुष्कळदा सुचवितात.

सांधेदुखीवरील निनावी पुड्यांविषयीही सावध असावे. वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड वा वेदनाशामक रसायनांची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत. 'एका पुडीत आराम' हाच अशा पुडीविषयी संशय घेण्यास पुरेसा आधार होय.

वेदना ही खूणही असते

शस्त्रक्रियेनंतरची प्रत्येक वेदना शमविण्यासारखी नसते. बायपासमुळे लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व बी-१२ यांचे शोषण घटते. पूरक गोळ्या नियमित न घेतल्यास काही वर्षांनी हाडे दुखू लागतात, मांड्यांतील बळ कमी होते, पायांना मुंग्या येतात. सतत उलट्या होत असल्यास बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने तळपायांची आग होते व चाल अडखळते. अशा रुग्णास वातविकार समजून वेदनाशामक देत राहिल्यास मूळ रोग बळावतो. त्याला गरज असते ती रक्ततपासणीची व योग्य जीवनसत्त्वांची.

पोटदुखीच्या बाबतीत तर विलंब करूच नये. वजन झपाट्याने घटल्यास पित्ताशयात खडे होतात. बायपासनंतर आतड्याचा वेढा पोटातील फटीत अडकण्याचाही संभव असतो, आणि हा प्रकार शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही घडू शकतो. पोटात एकाएकी कळ येणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, सततची वांती ही लक्षणे दिसताच गोळी घेऊन वाट पाहणे धोक्याचे आहे. तत्काळ रुग्णालय गाठावे आणि तेथे पाऊल ठेवताच शस्त्रक्रियेची माहिती द्यावी.

या चित्राला आशादायक बाजूही आहे. संशोधनातून असे दिसून आले आहे की, झिजलेल्या गुडघ्याच्या रुग्णाचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तीस किलो वजन उतरलेल्या माणसाचा गुडघा पाखाडीच्या प्रत्येक पायरीवर किती हलका होत असेल, याचा हिशेब कोणालाही करता येईल. वजन उतरणे हेच एक मोठे वेदनाशामक आहे. त्याला मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाची जोड दिली तर गोळीची गरज अनेकांना क्वचितच भासते.

सांगितल्यावाचून कळत नाही

दुर्बिणीतून केलेल्या या शस्त्रक्रियेची खूण म्हणजे पोटावरील चार-पाच लहानसे व्रण. दोन-तीन वर्षांत ते पुसट होतात. रुग्णाचे वजनही सर्वसामान्य माणसासारखे झालेले असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वा बाजारपेठेतील दवाखान्यातील डॉक्टरांपुढे गुडघा धरून बसलेल्या या माणसाकडे पाहून त्याच्या पोटात काय बदलले आहे हे कोणालाही ओळखता येणार नाही. ते रुग्णानेच सांगावयास हवे. परंतु पुष्कळांना ही शस्त्रक्रिया झाल्याचे सांगण्याचा संकोच वाटतो. गावात 'खाऊन खाऊन लठ्ठ झाला आणि पोट कापून घेतले' असे कुचेष्टेने बोलले जाईल, ही भीती असते. स्थूलता हा आजार आहे, दोष नव्हे, ही जाणीव समाजात रुजली तर हा संकोच गळून पडेल. त्यातच रुग्णाची सुरक्षितता आहे.

यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. रुग्णालयातून घरी परतताना कोणती शस्त्रक्रिया झाली, 'स्लीव्ह' की बायपास, हे मराठीत लिहून घ्यावे आणि त्याची प्रत नेहमी खिशात वा पाकिटात ठेवावी. कोणती औषधे वर्ज्य आहेत त्यांची यादी त्याच कागदावर असावी. कोणत्याही डॉक्टरांकडे, दंतवैद्याकडे व औषधांच्या दुकानात तो कागद प्रथम दाखवावा, कारण दात काढल्यावर दिली जाणारी गोळीही बहुधा याच वर्गातील असते. नवीन औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत गुंगी, चक्कर वा छातीत जळजळ जाणवल्यास त्वरित कळवावे. तंबाखू, मिश्री व विडी पूर्णपणे सोडावी. मद्यही या शस्त्रक्रियेनंतर रक्तात पूर्वीपेक्षा वेगाने चढते. वेदनाशामकाबरोबर ते कदापि घेऊ नये. घरातील फळीवरील गोळ्यांची पट्टी दुसऱ्याच्या दुखण्यासाठी आणलेली असेल, तर ती आपली नव्हे असे समजावे.

रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्यसेवेचे जाळे आहे. जिल्हा शासकीय रुग्णालय, तालुक्यांतील रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे आणि चिपळूण तालुक्यात डेरवण येथील वालावलकर रुग्णालय यांसारख्या संस्थांमुळे तज्ज्ञ सल्ला पूर्वीसारखा दूर राहिलेला नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण क्षमतेने धावू लागल्यापासून मुंबईचे अंतरही जवळ आले. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये, हे आरोग्यसेविका व आशा कार्यकर्त्यांनी घरोघर सांगितले आणि लोकांनी ते स्वीकारले. त्याच धर्तीवर 'पोटाची शस्त्रक्रिया झाली असल्यास गोळीपूर्वी विचारा' हे एवढेसे वाक्य वाडीवाडीत पोहोचले, तर अनेक संभाव्य अपघात टळतील.

आगरातला पाट बदलला की जाणता बागाईतदार कोणत्या आळ्याला किती पाणी मिळते हे स्वतः फिरून पाहतो आणि गरजेप्रमाणे बांध घालतो. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या व्यक्तीने आपल्या शरीरातील पाट बदलून घेतलेला असतो. त्यानंतरचे प्रत्येक औषध तितक्याच जाणतेपणाने, विचारून आणि मोजून घेणे, हीच त्या शस्त्रक्रियेचे फळ टिकविण्याची गुरुकिल्ली होय.